ठोकळ्यांची आंघोळ

माझ्या कामाच्या पिशवीत दहा लाल लाकडी ठोकळे असतात, आणि आठवडाभरात ते दहाच्या दहा कुणी ना कुणी चाटून काढलेले असतात. अडीच वर्षांच्या मुलाच्या हातात काहीही द्या, ते आधी तोंडात जातं. मग परीक्षा सुरू होते. ती परीक्षा घेणारी बाई मी. येणाऱ्या-जाणाऱ्या आयांनी माझं नाव ठोकळेबाई पाडलंय.

आमचं काम चालतं तीन खोल्यांत, एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर. पहिल्या खोलीत वजनताई बसते. मूल व्हावं असं ज्यांच्या मनात आहे अशा बायका आधी तिच्याकडे येतात. ती त्यांना काट्यावर उभं करते, उंची घेते, कागद पाकिटात घालून चिकटवून टाकते. मग यथावकाश त्यांना दिवस जातात, मूल होतं, ते चालायला लागतं, आणि अडीच वर्षांचं झालं की तिसऱ्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसतं. मधल्या खोलीत आमच्या डॉक्टर मॅडम. दिवस जाण्याआधी आईचं वजन किती होतं, याचा पुढे मुलाच्या समजेशी आणि बोलण्याशी काही संबंध लागतो का, हे त्यांना शोधायचंय. त्यांची नऊ वर्षं या कामात गेलीत आणि केस पिकलेत.

मुलाला मार्क देणारीला आईचं वजन कळता कामा नये, असा नियम आहे. कळलं तर माझा हात आखडेल किंवा सैल सुटेल. नियम चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही. फक्त आई मुलाच्या मागे त्याच खोलीत खुर्चीवर बसते, आणि ती खुर्ची करकरते. आता मी काय कानात बोळे घालून बसू?

दुसरा नियम साफसफाईचा. साहित्य दर शनिवारी साबणाच्या पाण्यात धुवावं, असं पुस्तकात लिहिलंय. कुठे धुवावं ते लिहिलेलं नाही. आमच्याकडे नळ आहे एकच, तो संडासाला लागून, आणि त्याची धार शिवणाच्या दोऱ्याएवढी. तिथे पोरांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तू धुवायला माझं मन होईना. म्हणून मी शनिवारी पिशवी घरी न्यायला लागले. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सोमवारी सकाळी पिशवी चकचकीत होऊन जागेवर.

घर तिसऱ्या मजल्यावर. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, अख्ख्या शहराच्या लिफ्ट त्याच्या जिवावर वर-खाली होतात, आणि आमच्या इमारतीला लिफ्टच नाही. एका खांद्यावर कामाची पिशवी, दुसऱ्या हातात बाजारहाट, अशी मी वर पोचते तेव्हा तोंडाने श्वास घेत असते. मी जाड आहे, हे इथेच सांगून टाकते. लहानपणापासून आहे. लग्नात होते, लग्नानंतर आणखी झाले. मूल हवं असं ठरवलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, 'आपली माणसंही यात हवीत, तूही नाव घाल.' मी काट्यावर चढले. चौऱ्याण्णव किलो. वजनताईने चेहरा अजिबात हलवला नाही, त्याबद्दल मी तिची आजन्म ऋणी आहे.

मुलगी झाली तीही काय, अडीच किलोची, किडमिडीत. नवरा हसून म्हणाला, 'हत्तिणीच्या पोटी मुंगी.' तेव्हापासून ती मुंगीच. तिला खरं नाव आहे, पण ते लसीच्या कार्डाच्या कामी येतं.

तर शनिवारी दुपारी स्वयंपाकघराच्या फरशीवर टब मांडायचा, साबणाचा फेस करायचा, ठोकळे सोडायचे. मी बैठक मारून बसायचे. पुन्हा उठायचं कसं याची चिंता नंतर. मुंगी माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहायची. घरात या कार्यक्रमाला ठोकळ्यांची आंघोळ म्हणायचे. मी एकेक ठोकळा तळहाताने चोळायचे, पंचावर मांडायचे आणि मोठ्याने मोजायचे, कारण एखादा हरवला तर सोमवारी माझी धडगत नसे. पाचाची एक ओळ, पाचाची दुसरी. आठापर्यंत मी पोचले की शेवटचे दोन नेमके फेसाखाली दडून बसलेले असत. मग मुंगी कोपरापर्यंत हात बुडवून ते शोधायची आणि माझ्या हातात द्यायची. 'नऊ,' मी म्हणायचे. 'दहा.' ती तोंडातून अवाक्षर काढायची नाही.

तसं ती कधीच काही काढायची नाही. दोन वर्षांची झाली तेव्हा तिच्याकडे चार शब्द होते: पाणी, नको, गेलं आणि बाबा. आई नाही. आईची तिला गरजच पडत नसावी, मी समोर असायचे. सोमवार ते शुक्रवार माझ्यासमोर बसून दुसऱ्यांची पोरं 'हा कुत्रा, हा बॉल, हे माझं आहे' अशी पोपटासारखी बोलायची, मी खुणा करत जायचे, आणि घरी आले की माझी पोर दाराच्या कडीकडे बोट दाखवून 'गेलं' म्हणायची. मी भांडी घासायला घ्यायचे.

सासूबाई दिवसभर तिला सांभाळतात. त्यांचा आणि माझा जुना वाद एकाच विषयावर, माझं वजन. 'जिना चढताना तुझा भाता ऐकू येतो गं खालपासून.' 'आधी थोडी उतर, मग मुलाबाळाचं बघ.' 'तो डबा ठेव बाजूला, मी मोजतेय.' मीही काही गप्प बसणारी नव्हे. 'आई, तुम्ही माझे घास मोजता, मी तुमच्या गोळ्या मोजते, फिटंफाट.' असं आमचं रोज चालायचं. त्यात राग नव्हता असं नाही, पण ती घराची सवय होती.

मग पाच महिन्यांपूर्वी मॅडमनी आम्हा सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं आणि तोवर जमलेले आकडे भिंतीवर दाखवले. वजन खूप जास्त असलेल्या आयांच्या मुलांचे मार्क सरासरीने थोडे कमी होते. अगदी रोड आयांच्या मुलांचेही थोडे कमी होते. फरक बारीक होता. मॅडम तीनतीनदा म्हणाल्या की ही सरासरी आहे, यावरून कुठल्याही एका मुलाबद्दल काही बोलता येत नाही, यात घरची परिस्थिती, शिक्षण, झोप, हजार गोष्टी मिसळलेल्या आहेत. मी मान डोलावत होते. माझं लक्ष भिंतीवरच्या उजवीकडच्या कोपऱ्यात होतं, जिथे रेघ खाली उतरत होती. मी तिथलीच.

त्या दिवशी जेवताना सासूबाईंनी नेहमीप्रमाणे माझ्या ताटाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. दिवसभराचा शीण होता, डोकं फिरलेलं होतं. मी म्हणाले, 'बोला, बोला. आज मॅडमनीही तेच सांगितलंय. जाड आयांची पोरं मंद निघतात. झालं समाधान?'

मॅडम असं काही म्हणाल्या नव्हत्या. पण माझ्या तोंडून ते असंच आलं, आणि बाहेर पडल्यावर मला ते खरंच वाटलं. नवऱ्याने घास हातातच धरला. सासूबाईंनी मुंगीकडे पाहिलं. ती पाण्याच्या भांड्यात बोट बुडवून ताटाची कड पुसत होती. सासूबाई उठल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या वजनाचं नाव काढलं नाही. एकदाही नाही. मी मुद्दाम दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे, त्या दुसरीकडे बघायच्या. जिन्यात धापा टाकत आले की मुकाट्याने हातातली पिशवी घ्यायच्या. बोलणी खाल्ली तेव्हा इतकं लागलं नव्हतं. आजारी माणसाला कुणी त्याच्या आजारावरून टोचत नाही, तसं त्यांनी मला सोडून दिलं होतं. म्हणजे त्यांनी मनाशी मानलं होतं की मुंगीचं जे काही आहे ते झालेलं आहे, माझ्यामुळे झालेलं आहे, आणि आता बोलून उपयोग नाही. पाच महिने मी त्या शांततेत जेवले.

मुंगीची अडीच वर्षं पुरी झाली आणि तिची परीक्षा मंगळवारी लागली. आपल्या मुलाची परीक्षा आपण घ्यायची नाही, हे उघड आहे. वजनताईने ठोकळ्यांचं प्रशिक्षण घेतलेलं होतं, तिने घ्यायचं ठरलं. माझं वजन तिला ठाऊक होतं, पण दुसरं शिकलेलं माणूसच नव्हतं. मी रात्रभर हा विचार केला नाही, तो विचार दिवसाच पुरेसा होता: मुंगीचा एक आकडा येणार, तो पाकिटातल्या चौऱ्याण्णवशेजारी जाऊन बसणार, आणि मला एकदाचं कळणार की मी माझ्या पोरीचं नुकसान केलंय की नाही. कळू दे, असं मला वाटत होतं. कसंही का असेना, एकदा कळू दे.

आणि या सगळ्यात, पाच वर्षं हे काम करणाऱ्या बाईच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही. मुंगीला मी टबाशेजारी उभी असलेली मुलगी म्हणून बघत होते आणि परीक्षेला बसणारी मुलगी म्हणून बघत होते. त्या दोघी एकच आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी करकरणाऱ्या खुर्चीवर बसले. ती करकरली. वजनताईने मान वर केली नाही. मुंगी छोट्या टेबलाशी बसली, आणि पिशवीची चेन उघडल्याबरोबर तिचा चेहरा शनिवारी टब मांडल्यावर उजळतो तसा उजळला. तेव्हा मला समजलं. तेव्हा, इतक्या उशिरा.

परीक्षेत दहा ठोकळ्यांपैकी आठच मुलासमोर ठेवायचे असतात. दोन परीक्षकाने मांडीवर ठेवायचे, नंतरच्या एका प्रश्नासाठी. वजनताईने आठ ठेवले. 'हे बघ, मी एकावर एक ठेवते. आता तू कर. उंच मनोरा कर.'

मुंगीने एक ठोकळा उचलला आणि दोन्ही तळहातांत धरून चोळायला लागली. सगळ्या बाजू नीट चोळून झाल्यावर तो टेबलाच्या डाव्या कडेला ठेवला. मग दुसरा.

'मनोरा कर बाळा. एकावर एक.'

तिसरा, चौथा, पाचवा. एक ओळ झाली. मुंगीने टेबलावरचा रुमाल ओढून ओळीखाली सारला, कारण ओले ठोकळे कुणी नुसत्या लाकडावर ठेवत नाही. मग दुसरी ओळ. सहा, सात, आठ. मनोऱ्याला शून्य. शून्य कसं लिहितात ते मला ठाऊक आहे, मीच रोज लिहिते.

तिथे ती थांबली. दुसऱ्या ओळीतल्या दोन रिकाम्या जागांवर तिने बोट ठेवलं. टेबलाखाली वाकून पाहिलं. पिशवीत हात घालून चाचपलं. वजनताई पुस्तकात लिहिल्याप्रमाणे निर्विकार बसली होती. परीक्षकाने मदत करायची नसते. मुंगी खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून गेली, वजनताईचा हात तिच्या मांडीवरून बाजूला केला आणि दोन ठोकळे उचलले. परत आली. पहिला जागेवर ठेवला.

'नऊ,' ती म्हणाली. दुसरा ठेवला. 'दहा.'

एक ते आठ नाहीच. आठापर्यंतचं काम तिच्या मते माझं होतं.

मी रडले नाही, कारण मुलाचं लक्ष जाईल असं आईने काही करायचं नसतं. चित्रांच्या पुस्तकाचंही तेच झालं. 'कुत्रा दाखव' म्हटलं तर तिने फ्रॉकच्या टोकाने कुत्रा पुसला, मग पान उलटून घोडा पुसला. पुस्तक मी ओल्या फडक्याने पुसते. गोल-चौकोन बसवायची पाटी तिने पालथी घातली, पाणी निथळायला. वीस मिनिटांत माझ्या पोरीने माझा अख्खा शनिवार करून दाखवला आणि परीक्षेतलं जवळपास काहीच केलं नाही.

संपल्यावर वजनताईने फॉर्म पुढे ओढला. खाली सहावा प्रश्न असतो: मुलाने हे साहित्य पूर्वी हाताळलं आहे का? आम्ही तिथे विचार न करता 'नाही'वर खूण करतो. कुणाच्या घरी असणार हे ठोकळे?

वजनताई काही दूधखुळी नाही. तिने पेन टेकवलं आणि उचललं. दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, 'घरी नेत होतीस?'

'धुवायला.'

'किती दिवस?'

'पहिल्यापासून.'

तिने दहाही ठोकळे पिशवीत भरले. मग म्हणाली, 'हे बघ, मनोरा हिला येतो, तुलाही माहितीये, मलाही माहितीये. हातांवर काय ताबा आहे पोरीचा! मी मनोऱ्याला आठ लिहिते, कुत्रा-घोड्याला अर्धे देते, सहाव्याला नाही. चांगला आकडा येईल. कुणाचं काही बिघडत नाही. तुझी नोकरी राहील, आणि तुझ्या जिवाला जरा शांतता.'

शांतता हा शब्द तिने उच्चारला आणि मला तो हवासा वाटला. खोटं कशाला सांगू. तो कागद घरी नेऊन सासूबाईंच्या पुढ्यात टाकावा, असं एक क्षण डोळ्यांसमोर आलं. पण मग भिंतीवरची ती रेघ आठवली, तीही अशाच कागदांची बनते. उद्या दुसरी कुणी ठोकळेबाई त्या रेघेकडे बघून घरी जाऊन काहीतरी बोलेल.

'आण ते पेन,' मी म्हणाले आणि सहाव्या प्रश्नावर 'होय'ला खूण केली.

मॅडमनी कागद वाचला, मला बसवलं, सगळं विचारलं. रागावल्या. आवाज चढवून नाही, पण चढवला असता तर बरं झालं असतं. बाकीच्या मुलांना धोका नव्हता, कारण टबाशेजारी मुंगीशिवाय कुणी नव्हतं. तरी पिशवी आता इमारतीबाहेर जाणार नाही, धुवायला खालच्या मजल्यावरचं मोठं बेसिन मिळेल, आणि मी तीन महिने वजनकाट्यावर, वजनताई ठोकळ्यांवर. मुंगीचा आकडा धरला जाणार नाही. पुन्हा परीक्षाही घेता येणार नाही, तिला सगळं तोंडपाठ आहे.

'म्हणजे मला कधीच कळणार नाही,' मी म्हणाले.

'काय कळायचं होतं तुला?'

पाच महिने जे दातांखाली धरलं होतं ते मी बोलून टाकलं. 'माझ्यामुळे झालंय का ते.'

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'आकडा आला असता तरी ते कळलं नसतं. हजार मुलांबद्दल मी काहीतरी सांगू शकते, तेही अडखळत. तुझ्या एकीबद्दल मला काहीही माहीत नाही.' मग फॉर्म पुन्हा उचलून, 'कान तपासलेस का तिचे?'

मुंगीचे कान तपासायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जी गोष्ट मी करकरणाऱ्या खुर्चीवरच्या कुठल्याही आईला पहिल्या दिवशी सांगितली असती, ती मी माझ्या पोरीसाठी केली नव्हती. मी स्वतःला दोष देण्यात गुंतले होते, आणि त्यातच माझा सगळा वेळ गेला होता.

'उद्या ने,' मॅडम म्हणाल्या. 'बोलायला शिकवणाऱ्या बाईंचाही नंबर देते.'

घरी निघालो तेव्हा मुंगी माझ्या कडेवर पेंगत होती. जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबले, दुसऱ्यावर थांबले, भिंतीला टेकले. दोन शब्दांनी काही सिद्ध होत नाही. मी त्याच धंद्यातली आहे, मला कुणी शिकवू नये. 'नऊ, दहा' हे नुसतं कानावर पडलेलं असू शकतं. कान चांगले असतील, नसतील. ती उद्या बोलेल किंवा आणखी वर्षभर कडीकडे बोट दाखवत राहील. मला इतका थकवा आला होता की तिसरा मजला नकोसा झाला.

दार सासूबाईंनी उघडलं. त्या सकाळपासून जीव टांगणीला लावून बसल्या असणार, पण तोंडाने त्यांनी विचारलं नाही, नुसतं बघितलं. मी मुंगीला खाली ठेवलं, दारातच पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. ठोकळे चोळले, रुमाल सारला, कुत्रा पुसला, पाटी पालथी घातली. दोन कमी होते ते बाईंच्या मांडीवरून हुडकून आणले. नऊ, दहा.

'आणि मार्क?'

'मार्क नाहीत. बाद केलं. माझीच चूक. आता कधीच कळायचं नाही आई, ती मंद आहे का नाही ते. माझ्यामुळे आहे का नाही ते.'

सासूबाईंनी मुंगीकडे पाहिलं. ती चपला जोडीजोडीने भिंतीशी लावत होती. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

'कुत्रा पुसला?' त्या म्हणाल्या. 'अगं, घोडासुद्धा पुसला? आणि हिला मंद म्हणतेस? तूच म्हणालीस हं, त्या दिवशी जेवताना. मी कधी म्हटलं नव्हतं. मी पाच महिने गप्प, की आता तूच स्वतःला इतकी खातेयस, आपण आणखी काय बोलायचं.'

पाच महिने मी ज्या शांततेत जेवले होते, ती त्यांनी मला मायेपोटी वाढली होती.

त्या पदराने डोळे पुसत वाकल्या, माझ्या काखेत हात घातला आणि उठवायला लागल्या. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं नाही. तिसऱ्यांदा आम्ही दोघी भिंतीला धरून कशाबशा उभ्या राहिलो, तेव्हा त्यांना धाप लागली होती.

'कान बघायला उद्या मी येते बरोबर,' त्या म्हणाल्या. 'आणि जरा वजन कमी कर गं बाई. म्हातारीच्या कमरेचा काटा ढिला झाला.'

पाच महिन्यांनी कुणीतरी मला तोंडावर जाड म्हणालं. मी तिथेच, उघड्या दारात, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडले.